ओळ, पंगत आणि अमेरिकेतली लाईन

रांगेला काय म्हणावं, यावर इंग्रजी बोलणाऱ्या दोन मोठ्या देशांचंही एकमत नाही. लंडनचा माणूस 'क्यू'मध्ये उभा राहतो, शिकागोचा 'लाईन'मध्ये, आणि जुना न्यूयॉर्ककर 'लाईनवर'. 'क्यू' म्हणजे मुळात शेपूट. लॅटिनमधला 'कौडा' फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आधी पाठीवर सोडलेल्या केसांच्या शेपटीसाठी आणि मग एकामागे एक उभ्या असलेल्या माणसांसाठी. हा दुसरा अर्थ इंग्रजीत आणला थॉमस कार्लाइलने, फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या १८३७ सालच्या ग्रंथात. पॅरिसमध्ये पावाच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगांचं वर्णन करताना त्याने फ्रेंच शब्द तसाच उचलला. 'लाईन'चं मूळ मात्र शेतात आहे. लॅटिनमध्ये 'लीनुम' म्हणजे जवस, ज्याच्या धाग्याचं लिनन होतं, आणि त्या धाग्याची दोरी ती 'लीनेआ'. मुंबईने हे दोन्ही शब्द घेतले. जुने मुंबईकर बसच्या 'क्यू'त उभे राहत, आता सगळीकडे 'लाईन'च लागते.

पण या दोन शब्दांच्या आधी आपल्याकडे काय होतं? पुष्कळ होतं. 'ओळ' घ्या. संस्कृत 'आलि' किंवा 'आवलि' म्हणजे रांग. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण रचताना 'आली'चं 'ओली' होतं हे सांगायला वेगळं सूत्र खर्ची घातलं, आणि तेही फक्त पंक्ती या अर्थापुरतं. ती ओली म्हणजे आपली ओळ. दीपावलीतून दिवाळी आली, रंगावलीतून रांगोळी. (रांगोळीत 'रांग' दिसते खरी, पण तिथे आहे तो रंग.) 'ओळख' मात्र या घरातली नाही, ती 'उपलक्ष्'वरून आलेली. दिसायला सख्ख्या बहिणी, पण नातं काही नाही. आपल्या कचेऱ्यांत ओळ मोडायला ओळखच कामी येते, हा निव्वळ योगायोग. तिचा जोडीदार 'वशिला', तो अरबी 'वसीला'चा, म्हणजे साधन, माध्यम.

'पाळी'ही तशीच जुनी. संस्कृत 'पालि' म्हणजे कड, किनार, रांग. त्यातूनच कानाची पाळी आली, कारण ती कानाची कडा, आणि त्यातूनच गिरणीतली पहिली पाळी, दुसरी पाळी. 'वार' म्हणजे खेप. सोमवार, वारंवार आणि पंढरीची वारी या सगळ्यांत तो आहे, आणि देवळातली दर्शनबारी त्याच घराण्यातली. आषाढीला पंढरपुरात ही बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. तासन् तास उभी असलेली ती माणसं एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि अभंग म्हणत पुढे सरकतात. मराठी माणसाला रांगेत उभं राहता येत नाही असं सहज बोललं जातं. ते बोलणाऱ्याने ती बारी पाहिलेली नसावी.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शब्द 'पंगत'. पंक्ती हा शब्द 'पंच'वरून आला. वेदांत पंक्ती नावाचा छंदच आहे, आठ-आठ अक्षरांचे पाच चरण. पुढे तो कुठल्याही रांगेला लागला, आणि मराठीत येईपर्यंत 'पंगत' होऊन जेवणाला चिकटला. पंगतीत माणूस चालत नाही. तो पानापुढे बसतो, चालतो तो वाढपी. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग वरणभात, त्यावर तूप, आणि सगळ्यांच्या पानावर पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. या ओळीला पुढचं टोक नाही आणि शेपूटही नाही. इथे कुणाला कुणाच्या पुढे जायचं नसतं. अन्याय व्हायचाच तर तो वाढप्याच्या हातून होतो. एकाच्या भातावर तुपाची धार, शेजाऱ्याच्या भातावर थेंब. त्याला मराठीने नाव दिलं पंक्तिप्रपंच. घरात एका मुलाला एक न् दुसऱ्याला दुसरं असं झालं की आजीच्या तोंडून हा शब्द येई, आणि त्यापुढे कुणाला बोलायला जागा उरत नसे.

अर्थात हे एका पंगतीच्या आतलं झालं. पंगतीत बसायचं कुणी, हा प्रश्न त्याआधीचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पंक्ती पावन करणारे कोण आणि पंक्तीला बसवू नयेत असे कोण, यांच्या याद्याच आहेत. 'अपांक्तेय' हा शब्द तिथला. समाजाचा मोठा भाग शतकानुशतकं पंक्तीच्या बाहेर बसला, चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साल उजाडावं लागलं आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचं दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. तेव्हा पंगतीचं कौतुक करताना हात आखडता घ्यायला हवा, आणि मी तो घेते.

मराठी माणूस अमेरिकेत उतरला की सगळ्यांत आधी त्याला तिथली लाईन भेटते, इमिग्रेशनच्या खिडकीपुढची. एक सर्पाकार रांग, आणि जो पुढे असेल तो मोकळ्या होणाऱ्या पहिल्या खिडकीवर. कुठली खिडकी भरभर चालेल याचा अंदाज बांधायची गरज नाही. बँकेत, पोस्टात, औषधांच्या दुकानात हेच. मुलांकडे आलेल्या आई-बाबांना या रांगेत एकच गोष्ट अवघड जाते, ती म्हणजे मधलं अंतर. आपल्याकडे पुढच्या माणसाला खेटून उभं राहिलं नाही तर मागचा विचारतो, 'तुम्ही लाईनीत आहात का?' तिथेही अनोळखी माणसाला हाच प्रश्न विचारतात, पण हात-दोन हातांची जागा सोडून आणि 'एक्स्क्यूज मी' म्हणून. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली 'द हिडन डायमेन्शन' या पुस्तकात अमेरिकी मध्यमवर्गाची ही अंतरं मोजून मांडली. सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त जवळचे, तिथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीचे, आणि परके त्याच्याही पलीकडे. औषधाच्या काउंटरवर आई पुढच्या गिऱ्हाइकाच्या खांद्याशी उभी राहिली की तो माणूस अंग चोरतो, तो याच हिशेबाने.

म्हणून आपल्याकडे पाळीची शिस्तच नाही, असं ठरवणं मात्र चुकीचं आहे. मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात पाहा. चढलेली बाई बसलेल्या प्रत्येकीला विचारत जाते, 'कुठे उतरणार?' घाटकोपरला उतरणारी सापडली की तिची जागा हिची झाली, आणि मग मध्येच दुसरी कुणी बसायला आली तर शेजारच्या तिघी सांगतात, 'ती त्यांनी सांगून ठेवलीय.' दवाखान्यात, रेशनच्या दुकानात 'तुमच्या आधी कोण?' एवढं विचारून माणूस झाडाखाली जाऊन बसतो, आणि त्याची पाळी शाबूत राहते. ही रांग बोलून धरलेली असते. ती परक्याला दिसत नाही, आणि शब्द देणारी माणसं नसतील तिथे टिकत नाही. अमेरिकेतली लाईन जमिनीवर पट्टी मारून केलेली असते. ती कुणाच्याही साक्षीशिवाय चालते. अनोळखी लोकांच्या देशाला हीच पद्धत परवडते, आणि त्यातला एक मोठा गुण आपण मान्य करायला हवा. तिथे तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही.

हा गुण ओळखणारा एक मराठी विद्यार्थी होता. भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात त्यांनी नोंदवलं की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. बडोद्याच्या नोकरीवर हजर व्हायला आले, तेव्हा उतरायचं कुठे या प्रश्नाने ती परत आणून दिली. कॉलेजच्या ग्रंथालयात, खाणावळीत, ट्रॅममध्ये जी साधी पाळी त्यांना न मागता मिळाली, तिची किंमत आपल्याला पूर्ण कळणं अवघड आहे.

त्याच देशाच्या दक्षिण भागात मात्र लाईन सगळ्यांसाठी एक नव्हती. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं, अशी वागणूक होती. १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. चारच दिवसांनी जो बसवरचा बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. त्यातल्या सुरुवातीच्या मागण्या आज वाचल्या तर गलबलून येतं. ड्रायव्हरांनी सभ्यपणे बोलावं, आणि जो आधी येईल त्याला आधी जागा मिळावी, काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं. काळ्या वस्त्यांतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. एवढंच. बस वेगळी करा, मोफत करा, असलं काही नाही. पाळी मागितली होती. १ फेब्रुवारी १९६०ला ग्रीन्सबोरोमध्ये चार काळे विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसले, तेव्हाही मागणी तीच होती, की बसल्या जागी आम्हालाही वाढा. मी त्याला पंगतीचा लढा म्हणते. 'अपांक्तेय' हा शब्द माहीत असलेल्या भाषेला त्या काउंटरचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

आता अमेरिकेतल्या मराठी घरांतली रांग. गणेशोत्सवाला मंडळांच्या जेवणात पंगत क्वचितच बसते. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं, वेळ मोजकी, म्हणून टेबलांवर मोठे ट्रे आणि दोन्ही बाजूंनी लाईन. मोदक मात्र वाढतातच, कारण मोदक मोजून द्यावे लागतात. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून ताट आणून देतात, आणि तिथल्या मुलांना हे रांग मोडणं वाटत नाही. 'लाईन कट केली' अशी मराठी बोलणारी ही मुलं आजीच्या ताटापुरती आपोआप पंगतीचा नियम पाळतात.

पण या घरांची सर्वांत लांब रांग कुठल्याच जमिनीवर नाही. तिची सुरुवात मुंबईत होते. २०११पर्यंत अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती, आणि भुलाभाई देसाई रस्त्याच्या फुटपाथवर फायली छातीशी धरून माणसं उभी असत. आता ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. व्हिसा मिळतो, नोकरी होते, घर होतं, मुलं होतात, आणि मग ग्रीन कार्डची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, लाईन लागते. प्रायॉरिटी डेट म्हणजे या रांगेतला आपला नंबर, आणि तो 'करंट' झाला, म्हणजे पाळी आली का, हे दर महिन्याचं सरकारी बुलेटिन सांगतं. तिथली भाषा ऐकावी. 'तुमची प्रायॉरिटी डेट काय?' 'या महिन्याचं बुलेटिन आलं का?' 'आमची डेट करंट झाली होती, पण परत मागे गेली.' मागे जाण्यालाही तिथे नाव आहे, रेट्रोग्रेशन. उभं असताना आपण आणखी मागे सरकतो, अशी रांग मला दुसरी माहीत नाही.

हे असं का होतं, तर १९९०च्या कायद्याने नोकरीच्या मार्गाने येणाऱ्यांसाठी वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं ठेवली, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही असं ठरवलं. देश लहान असो की मोठा, वाटा तोच. त्यामुळे एकाच कंपनीत, एकाच दिवशी अर्ज केलेल्या दोघांपैकी आइसलँडमध्ये जन्मलेला लवकर मोकळा होतो आणि साताऱ्यात जन्मलेला वर्षानुवर्षं थांबतो. आई-बापांच्या अर्जावर असलेलं मूल २१ वर्षांचं झालं की बहुधा त्या अर्जातून गळतं, आणि ज्या गावात ते लहानाचं मोठं झालं तिथेच त्याला राहण्यासाठी वेगळा परवाना शोधावा लागतो. दुकानात जन्मगाव न विचारणारा देश इथे ते पहिल्या पानावर विचारतो. याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि मी तो शब्द विचार करून वापरते आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. मर्यादा काढली तर काही वर्षं बहुतेक कार्डं भारतीयांकडेच जातील आणि लहान देशांतली माणसं आमच्यामागे येऊन उभी राहतील, असं विरोधक म्हणतात, आणि ते खरं आहे. ट्रेमधलं अन्न वाढवल्याशिवाय हा प्रश्न नीट सुटणार नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा मान्य केला, पण दोन्ही सभागृहांचा मेळ बसला नाही आणि त्याचा कायदा झाला नाही. सॅन होजेपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत दर महिन्याला बुलेटिन उघडून तीच तारीख शोधणं चालू आहे.