कुलाबा वेधशाळा आणि हवामान संशोधनाचा आश्रय : निरीक्षकाच्या पगारापासून अधिछात्रवृत्तीपर्यंत

प्रास्ताविक

हवामानबदल हा एकविसाव्या शतकातील उच्च शिक्षणाचा महत्त्वाचा विषय बनला आहे. या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे अधिछात्रवृत्ती कोठे मिळते, ती किती वर्षे पुरते आणि पदवीनंतर नोकरी मिळते काय, हे तीन प्रश्न असतात. हे प्रश्न नवे वाटले तरी मुंबई शहरात त्यांना पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. शहराच्या दक्षिण टोकाला असलेली कुलाबा वेधशाळा हा या इतिहासाचा केंद्रबिंदू होय. भारतातील हवामानाच्या दीर्घ व सलग नोंदींमध्ये येथील नोंदींचे स्थान वरचे आहे.

वेधशाळेवरील लेखनात तिच्या शास्त्रीय कामगिरीची दखल घेतली गेली आहे. तथापि, ही कामगिरी कोणत्या प्रकारच्या पदांवर आणि कोणाच्या पैशावर उभी राहिली, या अंगाने विचार कमी झाला आहे. निरीक्षणासाठी पगार देणारी व्यवस्था आणि संशोधनासाठी आश्रय देणारी व्यवस्था यांतील अंतर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कंपनी सरकारची वेधशाळा व एतद्देशीय सहायक

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे गौस व हुंबोल्ट यांच्या प्रेरणेने युरोपात भूचुंबकीय निरीक्षणांची चळवळ उभी राहिली. तिला अनुसरून कंपनीने आपल्या मुलखात निरीक्षणकेंद्रे स्थापन केली व १८४१ पासून कुलाब्यास चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टन संस्थेतील गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्याकडे हे काम होते. अध्यापन आणि निरीक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. महाविद्यालय आणि वेधशाळा यांच्यात त्या काळी निर्माण झालेला हा दुवा लक्षणीय आहे.

या दुव्यामुळेच केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) वेधशाळेत आले. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरूनाना मुंबईत ऑर्लिबार आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्या हाताखाली शिकले. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८४० च्या सुमारास, ऑर्लिबार यांनी त्यांना दरमहा ५० रुपये पगारावर सहायक नेमले. सुमारे दहा वर्षे त्यांनी हे काम केले. ठरलेल्या वेळी उपकरणाचे वाचन करणे, ते नोंदवहीत उतरवणे, त्यावर आवश्यक ती शुद्धीकरणे करणे आणि कोष्टके तयार करणे, असे या कामाचे स्वरूप होते. त्यात चुकीला वाव नव्हता. पण वर चढण्याची शिडीही नव्हती. वेधशाळेच्या प्रमुखपदी यावयाचे तर युरोपीय असणे हीच त्या काळी जणू पहिली पात्रता होती.

छत्रे यांचा पुढील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. ते पुण्यास गेले व गणिताचे प्राध्यापक म्हणून नावारूपास आले. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांच्या परस्परसंबंधाचाही त्यांनी विचार केला. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. निरीक्षणाची शिस्त त्यांनी कुलाब्यात आत्मसात केली. विचार करण्याची आणि लिहिण्याची मोकळीक मात्र त्यांना अध्यापकाच्या पदाने दिली. निरीक्षक आणि संशोधक यांच्यातील भेद या एका चरित्रात स्पष्ट दिसतो.

नोंदींचे मोल

निरीक्षकाचे काम दुय्यम मानण्याचा प्रघात असला तरी इतिहास निराळी साक्ष देतो. १८५९ च्या सप्टेंबरच्या प्रारंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. २ सप्टेंबरला कुलाब्यास नोंदवलेली चुंबकीय क्षेत्राची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. २००३ मध्ये सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना आणि अ‍ॅलेक्स या संशोधकांनी या नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता निश्चित केली. त्यांपैकी शेवटचे दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील होते. आपल्या हातचे आकडे १४४ वर्षांनी आंतरराष्ट्रीय शोधनिबंधाचा आधार होतील, याची कल्पना उपकरणापुढे बसलेल्या सहायकांना असणे शक्य नव्हते.

हे उदाहरण भूचुंबकत्वाचे असले तरी हवामानशास्त्रालाही ते तंतोतंत लागू पडते. एखाद्या ठिकाणचे हवामान ठरवताना किमान ३० वर्षांची सरासरी धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे एका निरीक्षकाचे संपूर्ण सेवाजीवन खर्ची पडते, तेव्हा सरासरीचा एक कालखंड पूर्ण होतो. सरकारी पद कायम राहिले, म्हणून नोंदींची मालिका अखंड राहिली.

नानाभॉय मूस : निरीक्षण व संशोधन यांचा संगम

१८६५ ते १८९६ या काळात वेधशाळेचे प्रमुखपद चार्ल्स चेंबर्स यांच्याकडे होते. मुंबई इलाख्याच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ १८७८ मध्ये, म्हणजे १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाच्या छायेत प्रसिद्ध झाला. पर्जन्याच्या अभ्यासाला प्रशासकीय निकड प्राप्त होण्याचा तो काळ होता. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली होती; १८९९ मध्ये कुलाबा वेधशाळा त्या विभागाकडे आली.

चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (१८५९–१९३६) वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी एडिंबरो येथे विज्ञानाचे शिक्षण घेतले होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे स्पष्ट होताच त्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी दूषित होतील, हे ओळखून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या व नव्या मालिकेची सांगड घालण्यात आली. त्यानंतर १९०७ मध्ये शहरात विजेची ट्राम धावू लागली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय निरीक्षणांचे संकलन व विवेचन मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले.

मूस यांच्या कामगिरीचे रहस्य त्यांच्या पदाच्या स्वरूपातही शोधावे लागते. नोंदी राखण्याची जबाबदारी आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार ही दोन्ही त्यांच्याकडे एकत्र आली. त्यांना २३ वर्षे सलग काम करता आले. असा काळ व असे स्वातंत्र्य निरीक्षकवर्गाच्या वाट्याला क्वचितच आले.

देणग्या, अध्यासने आणि मुंबईची उणीव

मुंबई हे दानशूर धनिकांचे शहर म्हणून ओळखले जाते. १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्यातून विद्यार्थ्यांना कर्जरूपाने साहाय्य मिळू लागले. फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहीम, वसनजी मूळजी आदींच्या देणग्यांतून उभी राहून १९२० मध्ये सुरू झाली. मात्र शहरातील या दानशूरतेचा ओघ कुलाब्याकडे फारसा वळला नाही. हवामानाचे निरीक्षण हे सरकारचे काम होय, अशी समजूत त्यामागे असावी.

कलकत्त्याचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तेथील विद्यापीठात तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून अध्यासने निर्माण झाली व संशोधन हेच ज्यांचे प्रमुख काम आहे, अशी पदे अस्तित्वात आली. घोष अध्यासनावरील गणिताचे प्राध्यापक सुधांशुकुमार बॅनर्जी १९२२ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक म्हणून आले. समुद्रावरील वादळी हवामान आणि भूकंपमापकावर उमटणारी सूक्ष्म कंपने यांच्या संबंधावर त्यांनी येथे मूलभूत संशोधन केले. १९४४ मध्ये ते हवामानशास्त्र विभागाचे पहिले भारतीय महासंचालक झाले. उपकरणे व नोंदी मुंबईच्या होत्या. त्यांचा अर्थ लावणारा संशोधक मात्र दुसऱ्या शहराच्या विद्यापीठीय आश्रयाने घडला होता.

संशोधनाचे पुण्याकडे स्थलांतर

१९२८ मध्ये हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९६३ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र कुलाब्यास होते. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांच्या मार्गदर्शनाखाली आणि आयबीएम १६२० या संगणकाच्या साहाय्याने तेथे सागरी हवामानाचे विश्लेषण झाले. मोहीम संपली तसे हे पर्वही संपले. उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्था १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली व १९७१ मध्ये स्वायत्त झाली. त्याच वर्षी भारतीय भूचुंबकत्व संस्थाही स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय पुढे कुलाब्याहून नवीन पनवेल येथे गेले. मूस यांच्या नावाने ही संस्था पीएच.डी.नंतरची अधिछात्रवृत्ती देते, ही समाधानाची बाब आहे.

आश्रयाचे महत्त्व सुलोचना गाडगीळ यांच्या उदाहरणावरूनही दिसते. हार्वर्ड येथे १९७० मध्ये पीएच.डी. मिळवून त्या भारतात परतल्या, तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पूल अधिकारी योजनेने त्यांना पुण्याच्या संस्थेत काम करता आले. परदेशातून परतलेल्या वैज्ञानिकाला कायम पद मिळेपर्यंत आधार देणारी ही योजना होती. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मान्सूनविषयक संशोधनाची परंपरा निर्माण केली. दोन वर्षांच्या अल्पकालीन आधाराने एक संशोधक देशातच राहू शकली.

२६ जुलै २००५ आणि नवी पदे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद केवळ ७३.४ मिलिमीटर होती. एकाच शहरातील दोन केंद्रांतील या तफावतीने दोन ठिकाणांच्या नोंदींवर मुंबईचे हवामान समजत नाही, हे सिद्ध केले. दादर–परळ परिसरातील हिंदमाता किंवा लालबागचा सखल भाग केव्हा पाण्याखाली जाईल, हे कुलाब्याच्या आकड्यावरून सांगणे अशक्य होते. त्यानंतरच्या काळात शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज–मुंबई’ ही पूर इशारा प्रणाली सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले.

या घडामोडींमुळे हवामानतज्ज्ञाची गरज वेधशाळेबाहेर, म्हणजे नगरनियोजन, जलनिस्सारण, सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतही निर्माण झाली. तथापि, पदांची जुनी विभागणी कायम राहिली. कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये हवामानशास्त्र विभागासाठी वैज्ञानिक सहायकांच्या ९९० पदांची जाहिरात दिली. त्यासाठी विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकी पदविका पुरेशी होती. केरूनानांच्या पदाचा हा आधुनिक वारस होय. पीएच.डी. करणाऱ्याचा मार्ग निराळा आहे : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, तर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती पुण्याच्या संस्थेमार्फत दिली जाते. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या विशिष्ट समाजघटकांतील संशोधकांसाठी आहेत.

१ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. त्यापूर्वी, २०१९ पासून, ती ३१,००० होती. दोन्ही वाढींपूर्वी देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलन केले. जेथून कुलाबा वेधशाळा अवघ्या काही किलोमीटरवर आहे, त्या मैदानावर संशोधकांना आपल्या निर्वाहासाठी बसावे लागले, ही बाब अंतर्मुख करणारी आहे. गिरगाव किंवा परळच्या कुटुंबातील पहिल्या पिढीचा पदवीधर पाच वर्षांचे संशोधन स्वीकारतो की सहायकाची कायम नोकरी, हे पुष्कळदा अधिछात्रवृत्ती वेळेवर जमा होते की नाही यावर ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुंबईतील हवामानशास्त्र कायम स्वरूपाच्या निरीक्षकपदांवर उभे राहिले आणि त्या पदांमुळेच दीर्घ नोंदी टिकल्या. दुसरा, या नोंदींचे संशोधनात रूपांतर तेव्हाच झाले, जेव्हा एखाद्या व्यक्तीला अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य आणि निर्वाहाची शाश्वती एकत्र मिळाली. मूस, बॅनर्जी व गाडगीळ ही त्याची उदाहरणे होत. तिसरा, अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते, तर हवामानाची सरासरी तीस वर्षांची. म्हणून संशोधकाचा आश्रय आणि निरीक्षकाचे पद यांपैकी एक कमी केल्यास दुसरेही निष्फळ ठरते.

ऑर्लिबार यांनी वर्गातील विद्यार्थ्याला वेधशाळेत नेले, ही घटना महाविद्यालयीन अध्यापकांसाठी आजही मार्गदर्शक आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील विज्ञान महाविद्यालयांपासून कुलाब्याच्या नोंदी दूर नाहीत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी त्या वापरणे, विद्यार्थ्यांना संबंधित परीक्षा व अधिछात्रवृत्त्यांची माहिती दुसऱ्या वर्षापासूनच देणे आणि भूगोल, भौतिकशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन मार्गदर्शन करणे, एवढे तरी महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. केरूनानांना संशोधनासाठी वेधशाळा सोडावी लागली. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांवर तीच वेळ येऊ नये, यासाठीची पहिली पायरी महाविद्यालयाच्या वर्गातच आहे.