पाचशे नव्याण्णवची खूण

मराठेशाहीतल्या कागदांवर वर्ष बहुधा आकड्यांत नसते, अक्षरांत असते, आणि ती अक्षरे मराठी नसतात. पानिपतच्या वर्षीचा कागद घेतला तर त्यावर 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ' असे आढळते. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण सन ११६१. कारकून कोकणातला असो की देशावरचा, कागद वतनाचा असो की फौजेच्या खर्चाचा, वर्ष लिहिण्याचा हा साचा ठरलेला. शेकडो हातांनी लिहिलेल्या दप्तरात इतकी एकवाक्यता क्वचितच दिसते. या सनात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो, हे इतिहासाच्या अभ्यासकांना पाठ असते. पण ५९९ च का? माझ्या मते हा बेढब आकडा म्हणजेच या सनाचा जन्मदाखला आहे, आणि तो नीट वाचला तर सनाच्या उगमाविषयीचे निम्मे वाद मिटतात.

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. त्यामुळे दर तेहतीस वर्षांच्या आसपास हिजरी सन सौर सनाच्या एक वर्ष पुढे सरकतो. सारावसुलीला हे अडचणीचे, कारण पीक चंद्र पाहून येत नाही. म्हणून मुसलमानी राजवटींनी वेळोवेळी एखाद्या वर्षी चालू हिजरी आकडा धरला आणि तिथून पुढे तो सौर गतीने मोजायला सुरुवात केली. उत्तरेकडचा फसली सन ९६३ हिजरीवरून, म्हणजे इ. स. १५५६ च्या सुमारास बांधला. दोघांतला फरक ५९३. दक्षिणेत शाहजहानच्या अमलात फसली आली ती १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ वर, फरक ५९०. सन जितका उशिरा बांधला तितका फरक कमी. या ओळीत ५९९ ठेवून पाहा. तो ५९३ च्याही खूप आधीचा, म्हणजे चौदाव्या शतकातला. सुहूर सन आदिलशाही किंवा निजामशाहीने काढला असे म्हणणाऱ्यांना हा आकडा आडवा येतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा नंतर तो काढला असता, तर फरक ५९५ च्या वर गेलाच नसता.

वर्ष आणखी नेमके करता येते, पण इथे जपून पाऊल टाकायला हवे. सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सुरू होतो, म्हणूनच त्याला मृगसाल हेही नाव पडले. हिजरी ७४५ चा मोहरम १५ मे १३४४ ला लागला आणि त्यानंतर काही दिवसांतच मृग आले. १३४४ मधून ७४५ वजा केले की राहतात ५९९. यावरून सनाचे श्रेय महंमद तुघलकाला दिले जाते. आक्षेप असा की मृगाच्या दिवशी हा फरक ५९९ च भरत होता तो पुढची तीसएक वर्षे, साधारण १३७५ पर्यंत. मग १३४७ नंतरच्या बहमनी सुलतानांपैकी कुणी हा सन का बांधला नसेल? गणिताने हा आक्षेप खोडता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही माझा कौल १३४४ लाच आहे. नवा सन बांधणारा दप्तरदार अशीच संधी शोधेल की जुने वर्ष आणि नवे वर्ष जवळपास एकाच वेळी उघडतील आणि पाटील-कुलकर्ण्यांना काही समजावून सांगावे लागणार नाही. तशी संधी त्या तीस वर्षांत पहिल्याच वर्षी आली. शिवाय तुघलकाचे दौलताबादेतले ठाणे त्या वेळी शाबूत होते.

आता नावाकडे. 'सूरसन' असा उच्चार पाहून त्यात सूर्य शोधण्याचा मोह होतो, कारण सन सौरच आहे. पण कागदांत मधला हकार टिकून आहे, आणि सूर्य शब्दातून तो येणार नाही. दुसरे मत अरबी 'शहर' म्हणजे महिना, त्याचे अनेकवचन 'शुहूर', असे. हे बरोबर आहे, पण अर्धेच. 'महिने' हे सनाचे नाव का असावे याचे उत्तर त्यात नाही. उत्तर फारसी बखरकारांच्या लेखणीत आहे. ते वर्ष सांगताना 'दर शुहूर-ए-सन' अमुक असे लिहितात, म्हणजे अमुक वर्षाच्या महिन्यांत. सुहूर हे सनाचे नाव नव्हतेच. 'सुहूर सन' ही तारखेच्या साच्यातली सुरुवातीची दोन पदे होती, आणि मराठी कारकुनाने साच्यालाच नाव समजून घेतले.

याला माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. अरबीत बोलताना मोजायचे तर वाहिद, खमसा, सित्ता, सबआ. मराठी कागदांत मात्र इहिदे, खमस, सीत. इहिदे हे अरबी 'इहदा', एक या संख्येचे स्त्रीलिंगी रूप. खमस आणि सीत ही रूपेही अरबीत स्त्रीलिंगी नामाबरोबर येणारी. आणि अरबीत 'सन' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. दशकांचा शेवट 'ऊन' असा न होता 'ईन' किंवा 'ऐन' असा होतो, दोनशेला 'मयातान' न म्हणता 'मयातैन' म्हणतात. ही षष्ठीची रूपे, 'वर्षाचे' या अर्थाला जोडलेली. बोली अरबीतही 'ईन' चालते, तेव्हा ही बाजू लंगडी आहे असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. बोलीत 'खमस' मात्र एकटे मोजायला येत नाही. त्याच्यामागे स्त्रीलिंगी 'सन' उभा असावाच लागतो. अरबीचा गंध नसलेल्या कारकुनांनी चार-पाचशे वर्षे अरबी लिंगविवेक बहुतांशी सांभाळला, कारण त्यांनी संख्या उचललीच नव्हती, सबंध वाक्य उचलले होते. ते जिभेला परकेही वाटले नसावे. आपणही एकसष्टमध्ये एक आधी आणि साठ नंतरच म्हणतो. मधला 'व' तर इतका रुळला की आज तो फारसीकडून आला हे सांगावे लागते.

कोशकार आणि संपादक कागदावरची ही तारखेची ओळ इसवी सनात बदलून छापतात तिथे खरी कसोटी लागते. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले. अशा कामात एकच नियम सगळ्या कागदांना लावावा लागतो. तो '५९९ मिळवा' इतकाच ठेवला तर पानिपत १७६० मध्ये जाते. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. त्याहून अवघड जागा वेगळीच आहे. कागदावर सन सौर, पण तिथी 'छ' लिहून, म्हणजे चंद्राची, हिजरी महिन्याची. पानिपतच्या वेळी सुहूर ११६१ होता आणि हिजरी ११७४. १३४४ ला जुळलेले दोन आकडे तेरा वर्षांनी फाकले होते. सौर वर्ष लांब असल्याने त्यात हिजरी महिन्याचे अकराएक दिवस दोनदा येतात. ११६१ मध्ये 'छ २५ सवाल' ही तिथी एकदा १७६० च्या जूनमध्ये पडते आणि पुन्हा १७६१ च्या मेअखेरीस. पहिलीच्या वेळी सदाशिवरावभाऊ फौजेसह उत्तरेच्या वाटेवर होते; दुसरीच्या वेळी ते हयात नव्हते. अशा कागदाखाली एकच इसवी तारीख छापून मूळ ओळ गाळली, तर संपादकाने दोनांतली कोणती निवडली आणि का, हे पुढच्या वाचकाला तपासता येत नाही.