निवृत्त परिचारिकांची स्वयंसेवा : अमेरिकन रेड क्रॉसचा पट आणि १९१८ ची साथ

संकटकाळी निवृत्त परिचारिकेने पुन्हा रुग्णाच्या उशाशी येऊन बसावे, ही घटना इतिहासग्रंथांतून बहुधा करुणेच्या अथवा देशभक्तीच्या सदराखाली नोंदली जाते. त्या वर्णनात असत्य असे काही नाही. तथापि त्यामुळे दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. ही स्त्री मुळात निवृत्त कशामुळे झाली होती? आणि गरज पडली तेव्हा तिचा ठावठिकाणा कोणाला ठाऊक होता? या प्रश्नांचा माग काढू लागले म्हणजे स्वयंसेवेचा विषय भावनेच्या प्रांतातून निघून नोंदवह्या, नियम आणि अपात्रता यांच्या प्रांतात येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९०९ ते १९१९ हे दशक या दृष्टीने विशेष अभ्यासनीय ठरते.

‘निवृत्त’ या शब्दाचा तत्कालीन अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. नोकरीची ठराविक वर्षे भरली, निवृत्तिवेतन सुरू झाले, असा प्रकार त्या काळच्या अमेरिकन परिचारिकेच्या वाट्याला क्वचितच येई. बेलव्ह्यू येथे १८७३ मध्ये परिचर्या-शिक्षणाची शाळा निघाली आणि त्यानंतर देशभर अशा शाळांचे पेव फुटले. परंतु रुग्णालयातील खाटांजवळचे बहुतेक काम तेथील विद्यार्थिनींकडूनच करून घेतले जाई. पदवी मिळालेली परिचारिका खाजगी घरांतून, एकेका रुग्णापुरती नेमली जाई. ती विवाहबद्ध झाली की हा व्यवसाय संपत असे. सैन्याच्या परिचारिका-दलात, म्हणजे १९०१ साली कायद्याने स्थापन झालेल्या आर्मी नर्स कोअरमध्ये, विवाहित स्त्रीला प्रवेशच नव्हता. यास्तव अमेरिकेतील ‘निवृत्त’ परिचारिकांचा मोठा भाग हा तिशी-चाळिशीतील गृहिणींचा होता. विद्या होती, हात शाबूत होते. व्यवसाय मात्र सुटलेला होता.

या सुटलेल्या मनुष्यबळाचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते, याचे परिणाम एकदा भोगून झाले होते. यादवी युद्धाच्या वेळी डोरोथिया डिक्स यांच्यापुढे प्रशिक्षित परिचारिकांचा प्रश्नच नव्हता, कारण तशा परिचारिका देशात नव्हत्या; त्यांनी १८६२ च्या परिपत्रकात वयाची अटही घातली, आणि तीही आजच्या उलट, म्हणजे पस्तिशीच्या आतील स्त्रीला घ्यावयाचे नाही अशी. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात परिस्थिती बदलली होती. प्रशिक्षित स्त्रिया होत्या, पण त्यांची यादी नव्हती. छावण्यांतून विषमज्वर पसरला, लढाईत पडले त्यापेक्षा अधिक सैनिक रोगाने दगावले, आणि डॉ. अनिता न्यूकम मॅगी यांना अर्जांच्या ढिगाऱ्यातून परिचारिका निवडून कराराने नेमाव्या लागल्या. साथ सुरू झाल्यावर यादी करावयास बसणे किती महाग पडते, याचा तो धडा होता.

तो धडा व्यवहारात उतरविण्याचे श्रेय जेन डेलानो यांना द्यावे लागते. १८६२ मध्ये जन्मलेल्या डेलानो १८८६ साली बेलव्ह्यूच्या शाळेतून उत्तीर्ण झाल्या. १८८८ मध्ये फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे पीतज्वराच्या साथीत काम करताना त्यांनी रुग्णांच्या खाटांना मच्छरदाण्या लावण्याचा आग्रह धरला होता. या रोगाचा डासाशी असलेला संबंध वॉल्टर रीड यांच्या मंडळाने सिद्ध करण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पुढे ॲरिझोनातील बिस्बी येथे तांब्याच्या खाणींतील कामगारांमध्ये आणि त्यानंतर बेलव्ह्यूच्या शाळेच्या प्रमुखपदी त्यांनी काम केले. १९०६ साली आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्यांनी ते पद सोडले, आणि काही काळ त्याही ‘निवृत्त’ परिचारिकाच होत्या. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी सोडलेल्या नोकरीची गणना व्यवसायात कोणी करीत नाही, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. १९०९ मध्ये त्या परतल्या त्या आर्मी नर्स कोअरच्या अधीक्षक म्हणून. त्याच वर्षी रेड क्रॉसच्या परिचर्या-समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९१२ साली त्यांनी सैन्यातील पगारी पदाचा राजीनामा दिला आणि उर्वरित आयुष्य रेड क्रॉसचे काम विनावेतन केले.

त्यांनी रेड क्रॉससाठी तयार केला तो पट. स्थानिक परिचारिकांच्या समित्या नेमून, प्रत्येक अर्जदार स्त्रीचे शिक्षण, नोंदणी आणि शिफारस तपासून तिचे नाव व पत्ता त्यात दाखल होई. किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील शिक्षण हवे, राज्यात नोंदणीचा कायदा असल्यास नोंदणी हवी, आणि परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न अशा संस्थेचे सभासदत्व हवे, अशा अटी होत्या. १९१३ च्या मार्चमध्ये ओहायोत महापूर आला तेव्हा या पटाचा शांतताकालीन उपयोग दिसून आला. १९१४ च्या सप्टेंबरात युरोपकडे निघालेल्या ‘रेड क्रॉस’ नावाच्या जहाजावरील परिचारिका याच पटातून घेतल्या होत्या. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका महायुद्धात उतरली त्या सुमारास सैन्याच्या सेवेत प्रत्यक्ष ४०३ परिचारिका होत्या, तर रेड क्रॉसच्या पटावर सुमारे ८,००० नावे होती. युद्ध थांबले तेव्हा आर्मी नर्स कोअरची संख्या २१,४८० झाली होती. या वाढीमागे डेलानोंचा पटच होता, हे उघड आहे.

परंतु या यशाच्या पोटातच एक उणीव वाढत होती. सैन्यासाठी उभारलेली तळ-रुग्णालये ही नागरी रुग्णालयांच्या आधारावरच संघटित केलेली होती. क्लीव्हलंडच्या लेकसाइड रुग्णालयाचे पथक १९१७ च्या मे महिन्यातच फ्रान्समध्ये रुआँ येथे पोहोचले. एकेका शहरातून निवडक डॉक्टर आणि परिचारिका अशा रीतीने निघून गेल्या. मागे राहिल्या त्या विद्यार्थिनी, वयाने अपात्र ठरलेल्या आणि विवाहित. या शेवटच्या दोन वर्गांसाठी रेड क्रॉसने स्वतंत्र नोंद सुरू केली; त्यांना ‘होम डिफेन्स नर्स’, म्हणजे गृहरक्षक परिचारिका, असे नाव होते. प्रत्यक्ष युद्धसेवेस अपात्र, पण आपल्या गावी गरज पडल्यास उपलब्ध, एवढाच या नोंदीचा अर्थ होता. छप्पन्न वर्षांच्या डेलानो स्वतःही वयाच्या नियमाने युद्धसेवेस अपात्रच ठरल्या असत्या.

१९१८ च्या सप्टेंबरात बोस्टनजवळील कॅम्प डेव्हन्समध्ये इन्फ्लुएंझा भडकला. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली. पुढील काही आठवड्यांत त्या एका शहरात १२,००० हून अधिक माणसे मेली. ऑक्टोबरच्या आरंभी सार्वजनिक आरोग्यसेवेचे प्रमुख रूपर्ट ब्लू यांनी परिचारिका पुरविण्याची जबाबदारी रेड क्रॉसकडे सोपविली, आणि दुय्यम मानली गेलेली ती नोंद एकाएकी पहिल्या महत्त्वाची झाली.

या रोगावर त्या वेळी औषध नव्हते, लस नव्हती. स्वच्छ अंथरूण, मोकळी हवा, पुरेसे पाणी व पेज, तापावर लक्ष, आणि रुग्णाने लवकर उठून बसू नये यासाठी त्याच्यावर ठेवलेला पहारा, एवढाच उपचार होता. याचा अर्थ असा की, वैद्यापेक्षा परिचारिकेची किंमत त्या महिन्यांत अधिक होती. शिवाय संपूर्ण कुटुंबे एकाच वेळी अंथरुणाला खिळत. आई तापाने बेशुद्ध, बाप नुकताच गेलेला आणि मुले उपाशी, अशा घरात शिरणाऱ्या स्त्रीला परिचर्येबरोबर चूलही पेटवावी लागे. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने परिचारिकांची आपत्कालीन परिषद स्थापन झाली व निरनिराळ्या संस्थांच्या परिचारिका एका व्यवस्थेखाली आल्या. जागोजागी वृत्तपत्रांतून आवाहने झाली: जिने कधीकाळी परिचर्येचे शिक्षण घेतले आहे, मग ती विवाहित असो वा निवृत्त, तिने नाव द्यावे. त्याप्रमाणे स्त्रिया आल्या.

या साथीत मृत्यूचा जोर वीस ते चाळीस या वयोगटात होता, वृद्धांना तिने तुलनेने सोडले. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. म्हणून पन्नाशी ओलांडलेली जुनी परिचारिका खाटेजवळ तशी सुरक्षित होती, तर विवाहामुळे घरी बसलेली तरुण परिचारिका सर्वांत मोठा धोका पत्करून बाहेर पडत होती. घरी मुले असलेली ही स्त्री ज्या व्यवसायाने तिला बाहेर काढले त्याच्याच हाकेला ओ देत होती. या कामाबद्दल सैनिकी पदके नव्हती. सैन्यातील परिचारिकांपैकी दोनशेहून अधिक मरण पावल्या, त्यांची नावे कोरली गेली. घराघरांतून फिरताना गेलेल्या परिचारिकांना तसे स्मारक लाभले नाही.

पटाच्या अटींनी आणखी एका वर्गाला दूर ठेवले होते. राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व राज्य-संघटनांमार्फत मिळे, आणि दक्षिणेकडील राज्य-संघटना कृष्णवर्णीय परिचारिकांना घेत नसत. अर्थात वर्णाचा उल्लेख न करताही नियमाने वर्णाचे काम केले. न्यूयॉर्कच्या लिंकन शाळेतील अडा थॉम्स यांनी १९१७ पासून याविरुद्ध पत्रव्यवहार चालविला. डेलानो यांची अनुकूलता होती, पण सैन्याच्या वैद्यकीय खात्याची नव्हती. १८९८ मध्ये नामाह्योका कर्टिस यांनी बत्तीस कृष्णवर्णीय स्त्रिया सैन्याच्या शुश्रूषेसाठी मिळवून दिल्या होत्या, त्यामुळे ‘पूर्वी असे घडले नाही’ ही सबबही खरी नव्हती. १९१८ मध्ये फ्रान्सिस इलियट डेव्हिस यांची नोंद झाली आणि त्यांच्या बिल्ल्यावर ‘१ अ’ असा क्रमांक आला, म्हणजे नोंदीतही वेगळेपणा राखला गेला. पुढे अठरा कृष्णवर्णीय परिचारिकांना कॅम्प ग्रँट आणि कॅम्प शेर्मन येथे बोलाविण्यात आले, ते डिसेंबरात. युद्ध ११ नोव्हेंबरलाच संपले होते. फिलाडेल्फियात जेव्हा खाटेजवळ हात कमी पडत होते, तेव्हा हे शिकलेले हात नियमाच्या बाहेर उभे होते.

त्याच साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मरण पावली. मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींच्या आणि समाजांच्या संस्थांनी औषध, दूध, कपडे पुरविले व स्वयंसेवकांची पथके उभी केली. परंतु निवृत्त परिचारिकांना हाक देण्याचा मार्ग तेथे खुला नव्हता. पुण्याचे सेवासदन १९०९ चे, आणि त्याच्या आश्रयाने परिचर्या शिकलेल्या स्त्रिया अद्याप थोड्या व नव्या होत्या. ज्या समाजात परिचारिकांची एक पिढी घडून गेलेली नाही, तेथे निवृत्त परिचारिका कोठून येणार?

डेलानो यांचे १५ एप्रिल १९१९ रोजी फ्रान्समधील साव्हने येथे निधन झाले. युद्धोत्तर परिचर्येची पाहणी करण्यासाठी त्या गेल्या होत्या. त्यांची पद्धत मात्र टिकली. १९४१ मध्ये अमेरिकन सार्वजनिक आरोग्यसेवेने सर्व नोंदणीकृत परिचारिकांची शिरगणती केली आणि काम सोडलेल्यांसाठी उजळणी वर्ग काढले. ब्रिटनमध्ये युद्धाच्या तोंडावर ‘सिव्हिल नर्सिंग रिझर्व्ह’ स्थापन झाले व त्यात विवाहित व निवृत्त परिचारिकांना स्थान मिळाले. अमेरिकन सैन्याने १९४१ साली कृष्णवर्णीय परिचारिकांना घेतले, पण ५६ च्या मर्यादेत.

२०२० च्या कोविड साथीत हाच प्रकार पुन्हा घडला, पण एका मोठ्या फरकाने. ब्रिटनमध्ये मार्चमधील कायद्यान्वये परिचारिकांची तात्पुरती नोंदवही उघडण्यात आली. महाराष्ट्रात ८ एप्रिल रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सैन्याच्या वैद्यकीय सेवेतील निवृत्त कर्मचारी, निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय आणि प्रशिक्षण घेऊनही काम न मिळालेल्या व्यक्ती यांना पुढे येण्याचे आवाहन केले. ‘निवृत्त’ याचा अर्थ आता खरोखरच वयाने निवृत्त असा झाला होता, आणि हा रोग तर वृद्धांनाच अधिक घातक होता. त्यामुळे ब्रिटनमध्ये परतलेल्यांपैकी अनेकांना खाटेजवळ न नेता दूरध्वनीवरील सल्ल्याचे आणि पुढे लसीकरणाचे काम देण्यात आले.