काउंटरवरची नोकरी आणि मुलाखतीचा इतिहास

आज लढाई नाही, किल्ला नाही. विषय ऐकून आमचे नेहमीचे श्रोते कदाचित हसतील. बर्गर-पिझ्झाच्या दुकानात काउंटरवर उभं राहण्याची नोकरी आणि तिच्यासाठी होणारी मुलाखत. पण या मुलाखतीलाही इतिहास आहे. त्यातला एक लहानसा तुकडा माझ्या हातून बिघडलाय, म्हणून तो मीच सांगितलेला बरा.

हथखोज म्हणजे भिलाईचा जड उद्योगांचा भाग. पत्र्याच्या शेड, फॅब्रिकेशनची वर्कशॉप्स, ट्रेलरांच्या रांगा. तिथलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं, मूळचं गोंदियाकडचं. वडील ठेकेदाराकडे वेल्डर. मुलगी बारावी झाली आणि शहरातल्या एका साखळी दुकानातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. घरी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही फौजेत मुलं निवडायचात ना? मग मला तयार करा."

तिच्या वडिलांची मुलाखत कशी झाली होती, ते आधी ऐका. गेटवर नाव विचारलं, हातात होल्डर दिला, पुढे दोन प्लेटा ठेवल्या. त्यांनी जोड घातला. थंड झाल्यावर तो वाकवून पाहिला, तडा गेला नाही, माणूस कामावर. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता', असं कुणी विचारलं नाही. नेमणुकीचं पत्रही कुणी दिलं नाही, हेही सांगायला हवं. भिलाईच्या खासगी कारखान्यांतले ठेक्यावरचे कामगार नव्वदच्या सुमारास नेमकं हेच मागत होते, कायम नोकरी आणि जगण्यापुरता पगार. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. पुढे १ जुलै १९९२ रोजी पॉवरहाउस स्टेशनावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक माणसं गेली. हथखोजमधल्या जुन्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही.

आता थोडं मागे जाऊ. साल १९५५. २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्याच वर्षी १५ एप्रिलला अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या डेस प्लेन्स गावी, रे क्रॉक याने मॅकडोनाल्ड्सचं आपलं पहिलं दुकान उघडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, पण कामाकडे पाहण्याच्या दोन उलट्या रीती मला त्यांत दिसतात. भिलाईसाठी आपले इंजिनिअर रशियात शिकायला गेले. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तोवर माणसं घडवण्याचं काम चालूच होतं. क्रॉकने उचललेली पद्धत मात्र मॅकडोनाल्ड बंधूंची होती. त्यांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातलं आपलं चालतं दुकान काही महिने बंद ठेवलं, गाडीपर्यंत ताट नेणाऱ्या मुली काढून टाकल्या, पदार्थ नऊवर आणले आणि स्वयंपाकाचे तुकडे पाडले. एकाने फक्त भाजायचं, दुसऱ्याने फक्त सॉस घालायचा. आचारी लागेनासा झाला.

आचारी नको म्हटल्यावर निवड कशावर करायची? जोड घालून दाखवता येईल असं त्या कामात काही उरलंच नाही. मग माणसालाच विचारायचं. वेळेवर येशील का, रविवारी चालेल का, गिऱ्हाईक ओरडलं तर काय करशील. आपल्याकडे १९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या वसंत विहारात आणि मुंबईत वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स आलं, आणि खाण्याच्या दुकानात कामाला लागायलाही रीतसर मुलाखत द्यावी लागते, हे आपल्या पोरांना कळलं. वडापावच्या गाडीवर मुलाखत नसते, तिथे मालकाचा भाचा असतो.

माझा अनुभव निराळा. सैन्यात मी काही वर्षं सिलेक्शन बोर्डावर ग्रुप टेस्टिंग ऑफिसर होतो. ही पद्धत इंग्रजांकडून आली. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे अधिकारी निवडणारे जुने बोर्ड शाळा कुठली, वडील काय करतात, असं विचारत आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल देत. निवडलेल्यांपैकी बरेच जण प्रशिक्षणातून परत धाडावे लागत. तेव्हा १९४२ साली एडिंबरोत नव्या धर्तीचा बोर्ड सुरू झाला. विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने सुचवलं की नेता न नेमता आठ-दहा जणांना एक काम द्या आणि बाजूला उभे राहून पाहा. १९४३ मध्ये ही पद्धत भारतात आली. फळी, दोर, पिंप आणि पार करायचा अडथळा. वडिलांसारखीच परीक्षा ही, जोड घालून दाखवा.

आणि हे सगळं ठाऊक असूनही मी त्या मुलीला काय शिकवलं? ताठ बसायचं, नजर समोर, प्रत्येक उत्तराआधी 'सर', आणि 'मला नेतृत्व करायचं आहे' हे वाक्य. चार दिवस घोकून घेतलं. मुलाखतीत तिला विचारलं, "गिऱ्हाईकाचं बिल चुकलं तर?" ती म्हणाली, "सर, मी परिस्थितीचं आकलन करून निर्णय घेईन, सर." समोरचा मॅनेजर, बिचारा पंचविशीतला, दचकला असणार. निवड झाली नाही. ती काही बोलली नाही. "जाऊ द्या काका," एवढंच. तिला सवय होती, लाज मला वाटली.

मुलाखतीवर माझा फारसा विश्वास नाही आणि सरकारचाही कमी झाला असावा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीतल्या पदांची मुलाखत बंद केली. कारण उघड होतं, वशिला आणि पैसा तिथूनच आत शिरतो. म्हणजे सरकारी शिपायाला मुलाखत नाही, आणि बर्गर देणाऱ्या मुलीचं सगळं भवितव्य दहा मिनिटांच्या गप्पांवर. गमतीची गोष्ट आहे, पण तिच्या घरी कुणाला हसू येत नव्हतं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दुकानातून बोलावणं आलं. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. तिथे प्रश्न दोनच विचारले आणि दुपारच्या गर्दीत दोन तास प्रत्यक्ष काउंटरवर उभं केलं. एका आजोबांना यंत्रावरची यादी वाचता येईना, तर ही बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि हिंदीत वाचून दाखवली. घेतलं तिला. पत्र मिळालं, त्यात पगाराचा आकडा होता, भविष्यनिर्वाह निधीचा उल्लेख होता. वडिलांनी ते दोनदा वाचून घेतलं, मग घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

"किती तास उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"नऊ. मध्ये अर्धा तास सुट्टी."

"मग बूट चांगले घे," म्हणाले.