ट्रोगरचा ताठ रेणु

जर्मनींतील लाइपझिग विद्यापीठांत यूलिउस ट्रोगर नांवाचा एक तरुण विद्यार्थी पदवीच्या निबंधासाठीं प्रयोग करीत असे. डांबरापासून मिळणारें पॅराटोलुइडिन आणि मेथिलाल नांवाचा उडून जाणारा द्रव हीं द्रव्यें त्यानें हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सान्निध्यांत एकत्र केलीं, तेव्हां एक पांढरा स्फटिकमय पदार्थ हातीं आला. ही गोष्ट १८८७ सालची. त्या पदार्थाच्या एका रेणूंत कर्बाचे १७, उज्जाचे १८ व नत्राचे २ अणु असतात. परंतु ते एकमेकांस कसे जोडलेले आहेत, हें ट्रोगरला सांगतां आलें नाहीं. विभागाचे नवे प्रमुख योहानेस विस्लिसेनुस यांनीं निबंधास केवळ ‘समाधानकारक’ एवढाच शेरा दिला.

परीक्षकास निष्ठुर म्हणणें सोपें आहे. परंतु रचना सिद्ध झाल्यावांचून पदार्थ कळला असें मानूं नये, हा त्या शास्त्राचा दंडक होता आणि तो रास्तच होता. नवल वाटतें तें निराळ्याच कारणानें. रेणु हा कागदावरील सपाट आकृति नसून त्याला लांबी, रुंदी व उंची असते, हा विचार युरोपांत रुजविणाऱ्यांत विस्लिसेनुस हे अग्रेसर होते. आंबलेल्या दुधांतील व स्नायूंतील लॅक्टिक आम्लांचा त्यांनीं १८७३ पर्यंत कसून अभ्यास केला होता. व्हांट हॉफच्या त्या विषयावरील ग्रंथाच्या जर्मन भाषांतरास १८७७ सालीं प्रस्तावनाही लिहिली होती. त्याबद्दल त्यांच्या आधीं लाइपझिगचें आसन भूषविणारे कोल्बे यांची जहरी टीका त्यांनीं सोसली. अशा पुरुषाच्या मेजावर त्रिमितीचा एक अपूर्व नमुना येऊन पडला आणि तो ओळखला गेला नाहीं!

पुढें अठ्ठेचाळीस वर्षें गेलीं. १९३५ सालीं स्पीलमन या संशोधकानें अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्रिकेंत या पदार्थाची खरी रचना मांडली. दोन सपाट वलयें मध्यभागीं अशीं जखडलेलीं आहेत कीं, अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारखा त्यांचा कोन होतो, आणि हें पुस्तक मिटतही नाहीं व पसरतही नाहीं.

या ताठपणाचें पहिलें फळ १९४४ सालीं मिळालें. श्रोत्यांनीं वाऱ्यानें उलटणारी छत्री डोळ्यांपुढें आणावी. अमोनियांतील नत्राचा अणु तशाच प्रकारें एका सेकंदांत अब्जावधि वेळां उलटसुलट होतो; म्हणून नत्रामुळें उद्भवणारीं उजवीं व डावीं रूपें वेगळीं काढण्याची आशा फारशी नव्हती. ट्रोगरच्या रेणूंत मात्र दोन्ही नत्रांच्या मधोमध कर्बाचा एक पूल आहे. त्यामुळें छत्री उलटूंच शकत नाहीं. युद्धकाळांत झाग्रेब सोडून झुरिक येथें गेलेले व्लादिमीर प्रेलोग यांनीं वीलँड या सहकाऱ्यासह कांचेच्या नळींत दुग्धशर्करा भरून तींतून हा पदार्थ जाऊं दिला. शर्करा स्वतःच एकाच हाताची असल्यामुळें एक रूप तिला अधिक चिकटलें, दुसरें पुढें गेलें, आणि दोन्ही अलग झालीं. नत्राचा अणुही असें हस्तत्व धारण करूं शकतो, हें त्यामुळें ठरलें. सौम्य आम्ल लागतांच हा भेद नाहींसा होतो, हेंही त्यांस आढळलें. वृद्ध ट्रोगर हे पाहावयास नव्हते. ते १९४२ सालीं निवर्तले होते.

त्यानंतर बराच काळ हा पदार्थ पाठ्यपुस्तकांतील एक चमत्कार म्हणूनच राहिला. १९८५ च्या सुमारास अमेरिकेंत क्रेग विलकॉक्स यांनीं अशा रेणूंचे स्फटिक क्ष-किरणांनीं तपासले. पुठ्ठ्यांमधला कोन सुमारें काटकोनाएवढा भरला, आणि त्या खोबणींत दुसरा रेणु धरून ठेवतां येईल हें ध्यानांत आलें. १९९४ सालीं त्यांनीं पिट्सबर्ग येथें याच सांगाड्यावर एक तराजू उभारला. त्याचा एक भाग फिरता ठेवला. तो मिटलेल्या स्थितींत किती वेळ राहतो व उघड्या स्थितींत किती, यावरून दोन वलयांमधील अतिसूक्ष्म ओढ मोजतां आली. सांगाडा लवचिक असता तर हें मापन व्यर्थ ठरतें.

शेवटची हकीकत २०१३ सालची. कार्टा, मॅक्यून व त्यांचे सहकारी यांनीं हे ताठ तुकडे एकापुढें एक जोडून लांब साखळ्या बनविल्या. दोरखंड पेटींत चापून बसतें. मोडक्या बाकांचा ढीग रचला तर फटी राहतातच. या साखळ्यांचेंही तसेंच होतें. त्यांच्या एका ग्रॅमांतील फटींचा आंतील पृष्ठभाग सुमारें १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! त्याचा पातळ पडदा वायूंची चाळण होतो: उज्जवायु झटकन पार जातो, प्राणवायु त्याच्या मागून, नत्रवायु रेंगाळतो. आणि हे दुवे जुळविण्याची कृति ट्रोगरचीच होती. आम्ल तेवढें बदललें होतें, मेथिलाल तेंच.