साल्झबुर्गला गेलेला बाप

मार्टिन ल्यूथरला दोन बाप होते, आणि दोघांशीही त्याचं बिनसलं. पहिला हान्स, मान्सफेल्डच्या तांब्याच्या भट्ट्यांवर राबून वर आलेला माणूस. पोराला वकील करायचं म्हणून त्यानं एरफुर्टच्या विद्यापीठात पैसा घातला, आणि जुलै 1505मध्ये पोरगं विजेच्या कडकडाटाला भिऊन संत ॲनाला नवस बोललं नि पंधरवड्यात ऑगस्टिनियन मठात जाऊन बसलं. 1507 साली नव्या धर्मगुरूची पहिली मिस्सा होती. हान्स वीस घोडेस्वार घेऊन थाटात आला, मठाच्या स्वयंपाकघरासाठी 20 गुल्डन दिले, आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, की आईबापाचा मान राखावा ही आज्ञा तुम्हा शिकलेल्यांच्या कानावर आली नाही का? तो घाव ल्यूथरनं पुढं अनेकदा बोलून दाखवला.

दुसरे बाप योहान फॉन स्टाउपिट्झ. सॅक्सनीच्या सरदार घराण्यातले, 1502 साली विटेनबर्गचं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा ईश्वरशास्त्र शाखेचे पहिले प्रमुख, आणि 1503पासून जर्मनीतल्या कडक शिस्तीच्या ऑगस्टिनियन मठांचे मुख्याधिकारी. मला या कथेत ल्यूथरपेक्षा त्यांचंच आकर्षण अधिक. मी वसईची कॅथलिक, म्हणून असेल.

तरुण ल्यूथर पापकबुलीनं बेजार होता. 1215च्या लॅटेरन परिषदेनं प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा आपल्या धर्मगुरूपुढं पापं सांगायला लावली होती. हा गडी तीच ती पुन्हा सांगत राही, एकदा तर सलग सहा तास. उठून गेला की राहिलेलं काहीतरी आठवायचं, मग परत यायचा. आमच्याकडची लाकडी जाळीची कबुलीपेटी तेव्हा नव्हती. ती त्याच शतकात पुढं मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी रूढ केली. म्हणजे स्टाउपिट्झना हे सारं आडपडद्याविना, समोर बसून ऐकावं लागलं. शेवटी त्यांनी सुनावलं, की तू ही किरकोळ पापं घेऊन येतोस. ख्रिस्तानं क्षमा करावी असं वाटत असेल तर खून, देवनिंदा, व्यभिचार असं काही खरोखरचं पाप घेऊन ये. आणि मग हेही समजावलं, की पश्चात्तापाची सुरुवात देवाच्या प्रेमातून होते, त्याच्या धाकातून नव्हे. ते वाक्य बाणासारखं रुतलं, असं ल्यूथरनं मे 1518मध्ये त्यांना पत्रातून कळवलं. तोवर क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धच्या त्याच्या 95 मुद्द्यांनी जर्मनी हलवून सोडली होती.

विटेनबर्गच्या मठाच्या अंगणात नासपतीचं झाड होतं. त्याखाली बसून स्टाउपिट्झनी त्याला डॉक्टरेट घेऊन शिकवायला लाग म्हणून सांगितलं. ल्यूथरनं पंधराएक कारणं पुढं केली. शेवटचं कारण, या कामानं मी मरेन. स्टाउपिट्झ म्हणाले, मेलास तरी हरकत नाही, देवालाही वर हुशार माणसं लागतात. 1512 साली त्यांनी बायबल शिकवण्याची आपली खुर्चीच त्याला देऊन टाकली. आध्यात्मिक पितृत्व म्हणजे काय हे मला विचाराल तर मी धर्मशिक्षणाचं पुस्तक बाजूला ठेवून हा प्रसंग सांगेन.

ऑक्टोबर 1518मध्ये आउग्सबुर्गला तिसरा एक बाप पुढं आला. पोपचे दूत, डॉमिनिकन कार्डिनल काजेतान. रोमची आज्ञा होती, बापासारखं वाग, न्यायाधीशासारखं नको. ल्यूथर रिवाजाप्रमाणं पालथा पडला, काजेताननी त्याला उठवलं, बाळा म्हणून गोंजारलं आणि एकच शब्द मागितला: मागे घेतो. माझं कुठं चुकलं ते शास्त्रातून दाखवा, असा ल्यूथरचा हट्ट. तीन भेटींत आवाज चढले. काजेतान काही आडदांड नव्हते, त्या काळातले फार मोठे पंडित होते. पण पोपचा अधिकार वादाला काढायचाच नाही हे त्यांच्या लेखी आधीच ठरलेलं होतं. बाप म्हणाला की विषय संपला. ल्यूथरला एरफुर्टच्या त्या जेवणाची आठवण झाली असेल का, असं माझ्या मनात येतं.

तिथंच स्टाउपिट्झनी आपलं सर्वांत विलक्षण काम केलं. वरिष्ठ म्हणून त्यांनी ल्यूथरला आज्ञाधारकतेच्या व्रतातून मोकळं केलं आणि स्वतः निघून गेले. मागोमाग ल्यूथर रातोरात शहराबाहेर पळाला. यात त्याला वाचवणं किती आणि आपल्या संघाचे हात झटकणं किती, हे इतिहासकारांनी खुशाल घोळवत बसावं. दोन्ही असणार. ल्यूथर म्हातारपणी सांगायचा, मला तिघांनी बाहेर काढलं: आधी स्टाउपिट्झनी, मग पोपनं, मग सम्राटानं.

ऑक्टोबर 1519च्या पत्रात तो लिहितो, की तुम्ही मला फार टाकलंत, आईनं दूध तोडलेल्या लेकरासारखा मी दिवसभर उदास होतो. आणि रात्री स्वप्न पडलं, तुम्ही निघून चालला होतात, मी रडत होतो, तुम्ही हात हलवून सांगत होतात की शांत हो, मी परत येईन. पोपला आव्हान देणारा पस्तिशीचा प्राध्यापक हे लिहितोय.

ते परत आले नाहीत. 1520 साली त्यांनी पद सोडलं आणि साल्झबुर्ग गाठलं. तिथं रोमनं त्यांच्याकडूनही ल्यूथरची मतं धिक्कारल्याचं लेखी मागितलं. जे मी म्हटलंच नाही ते मागे कसं घेऊ, असं म्हणत त्यांनी पोपचा न्याय मात्र मान्य केला. हे कळल्यावर ल्यूथरनं फेब्रुवारी 1521मध्ये लिहिलं, की मी फार गर्विष्ठ असेन, पण तुम्ही फार नम्र आहात. पुढं स्टाउपिट्झ बेनेडिक्टाइन संघात गेले, संत पीटर मठाचे मठाधिपती झाले आणि डिसेंबर 1524मध्ये वारले. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या पत्रातही त्यांनी ल्यूथरवरचं प्रेम लपवलं नाही, आणि नव्या चळवळीतल्या दांडगाईबद्दलची नाराजीही नाही.

माझं सासर नगरचं, प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशनच्या वळणाचं. तिथं पाळकसाहेब, माझ्या माहेरी फादर. सासऱ्यांचा लाडका प्रश्न असे: सूनबाई, देवाशी थेट बोलता येतं, मग मधे हा बाप कशाला? ते स्वतःला ल्यूथरचे वारस समजत. पण त्यांचा ल्यूथर अर्धाच होता. सगळे बाप्तिस्मा घेतलेले याजकच, हे त्यानं 1520 साली लिहिलं खरं. तरी मार्च 1522मध्ये विटेनबर्गला दंगा शमवताना त्यानंच प्रवचनात बजावलं, की खासगी पापकबुली मी कुणाला हिरावून घेऊ देणार नाही. शहराचा पाळक बुगेनहागेन हा त्याचा कबुली ऐकणारा. 1530च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबानंही, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यानंही, ती प्रथा ठेवली. फक्त प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती काढली. ट्रेंटच्या परिषदेनं 1551 साली उलट निक्षून सांगितलं, की पापमोचन हा न्यायनिवाडा आहे, तो दीक्षित धर्मगुरूनंच करायचा आणि गंभीर पापं एकेक सांगायची. कबुली ऐकणाऱ्याची खुर्ची दोघांकडं राहिली. तीत बसणारा न्यायाधीश, की क्षमेचा निरोप पोचवणारा भाऊ, एवढ्यावर भांडण.

1529च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत आईबापाच्या आज्ञेवर लिहिताना ल्यूथरनं आध्यात्मिक बापांनाही जागा दिली. पोपच्या राज्यात नुसतं नाव लावणारे नव्हेत, तर देवाच्या वचनानं वाट दाखवणारे. त्यांचा दुप्पट मान राखा, म्हणतो, आणि मग लोक आपल्या पाळकाला पोटापुरतंही देत नाहीत म्हणून चिडतो. तिथंच राजाही बापांच्या रांगेत बसवलाय, आणि हे मला खटकतं. बिशप गेले आणि चर्चची देखरेख सॅक्सनीच्या राज्यकर्त्याकडं आली. पोपच्या तावडीतून सुटून दरबाराच्या हाती, ही काही मोठी कमाई नव्हे. अर्थात तेराव्या वर्षी कार्डिनल झालेल्या, तेव्हाच्या पोप दहाव्या लिओची बाजू घेऊन मी सासऱ्यांशी कधी भांडले नाही.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1545 साली, ल्यूथरनं आपल्या राज्यकर्त्याला लिहिलं, की स्टाउपिट्झ हेच या शिकवणीतले माझे पहिले बाप, ख्रिस्तात मला जन्म देणारे. रोमनंही बहुधा तसंच धरलं. कॅथलिक मठाधिपती म्हणून मेलेल्या या माणसाची पुस्तकं चौथ्या पॉल पोपनं 1559 साली बंदी घातलेल्या ग्रंथांच्या यादीत टाकली.