उंदीर, घूस की चिचुंद्री? उपायापूर्वी ओळख आवश्यक

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले किंवा शेतातील पीक निघाले, की उंदरांचा मोर्चा घरे, गोदामे आणि परसबागांकडे वळतो. अशा वेळी विष आणून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र शिरकाव करणारा प्राणी नेमका कोणता, हे न पाहता केलेला उपाय अनेकदा वाया जातो आणि मुले, पाळीव प्राणी व घुबडांच्या जिवावरही बेतू शकतो. भारतात मानवी वस्तीलगत प्रामुख्याने पुढील प्राणी आढळतात.

घरातील लहान उंदीर : वजन साधारण १५ ते २० ग्रॅम, शेपटी जवळपास शरीराइतकी लांब. लेंड्या तांदळाच्या दाण्याहून बारीक व टोकदार. सुमारे सहा मिलिमीटरची फटही त्याला पुरते. मोठ्या उंदराचे पिल्लू त्याच्यासारखेच दिसते. मात्र पिल्लाचे डोके आणि पाय शरीराच्या मानाने मोठे असतात.

काळा उंदीर : नाव काळा असले तरी भारतात तो बहुधा तपकिरी रंगाचा असतो. कान मोठे व पातळ, तर शेपटी डोके व धड यांच्या एकत्रित लांबीपेक्षा अधिक. चढण्यात पटाईत असल्याने तो माळ्यावर, छपरात आणि झाडांवर वावरतो. केरळ व लक्षद्वीपमध्ये तो कोवळे नारळ पोखरतो. त्याला रोखण्यासाठी माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याची पट्टी बसवतात.

तपकिरी उंदीर : जाडजूड बांधा, बोथट तोंड, लहान कान आणि शरीरापेक्षा आखूड शेपटी. बंदरांच्या शहरांत, गटारांत व तळघरांत त्याचा वावर असतो. लेंडी सुमारे दोन सेंटिमीटर लांब, बोथट टोकांची.

घूस : बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर घुशीची शक्यता अधिक. लहान जातीची घूस शेतांप्रमाणेच कोलकात्यासारख्या शहरांतील गोदामांतही आढळते आणि बिळात धान्य साठवते. मोठ्या घुशीचे वजन एक किलोपर्यंत भरू शकते.

चिचुंद्री : लांब टोकदार नाक, बारीक डोळे आणि उग्र वास. ती उंदरांच्या गणातील नाही. झुरळे व किडे हे तिचे मुख्य खाद्य. उंदीर समजून तिला मारण्याचे कारण नाही.

ओळख पटली की उपाय ठरवणे सोपे होते. लहान उंदीर बिळाजवळच फिरतो, त्यामुळे अनेक छोटे सापळे जवळजवळ लावावेत. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. त्यांच्यासाठी आमिष ठेवलेला सापळा काही दिवस न उघडता तसाच ठेवून मग तो चालू करावा. फटी सिमेंट व जाळीने बुजवणे, धान्य झाकणे आणि कचरा रात्रभर उघडा न ठेवणे हे उपाय सर्वांनाच लागू पडतात. रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. दरम्यान त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही दगावू शकते.

लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात आणि जखमेवाटे शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक द्रावणाने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात.

मुंबईत १८९६ मध्ये आलेल्या प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत झाला होता. त्यामुळे मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नये. एकाच परिसरात अचानक अनेक उंदीर मरून पडल्यास स्थानिक आरोग्य विभागाला तत्काळ कळवावे.